सहावा जोड

"वहिनी, आता परत काय उघडताय? चाललंय ना सगळं!" हातातला पाना पुसत दीर म्हणाला.

बाल्कनीतल्या लोखंडी पेटीत लिथियमचे आठ निळे सेल खेटून बसवले होते. ती गुडघे टेकून एकेकाला मीटरची टोकं लावत होती.

"सात जण सरळ वागतायत. सहावा दबतोय."

"थोडंफार राहायचंच. आणि बोर्ड बसवलाय ना नजर ठेवायला! एखादा फारच खाली गेला, तर तो सगळंच बंद करून टाकेल. धोका नाही."

"सगळंच बंद करेल, भाऊजी. म्हणजे ह्यांचं मशीनपण."

दिराने पाना खाली ठेवला.

आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. नवऱ्याने एकोणतीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त होताच फुप्फुसांनीही राजीनामा दिला. ती आता सुधारायची नाहीत, आहेत तेवढे दिवस सांभाळा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लाईट दिवसातून तीन-चारदा जाई. गच्चीवर सोलर होतं, पण ते लाईनलाच जोडलेलं, त्यामुळे लाईट गेली की तेही बंद पडे. मग धावत जाऊन सिलिंडर उघडायचा. गेल्या महिन्यात ती औषधं आणायला गेली आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. परतली तेव्हा तो सिलिंडरपाशी जमिनीवर बसला होता. ओठ निळे पडलेले, हातात किल्ली, पण ती फिरवायला जोर नाही. "काय गं, आज स्टॉपवर बराच वेळ लागला," एवढं बोलायला त्याला चार श्वास लागले होते.

तयार बॅटरी परवडणारी नव्हती. मग तिने इलेक्ट्रिशियन दिराला बोलावून सांगितलं, आपणच बनवू.

रेडिओच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं तारांच्या जोडांना कथलाचे डाग दिले होते. रोज तेच चार डाग, आणि पट्टा पुढे. अख्खा रेडिओ असा तिने कधीच बनवला नाही. पण एक गोष्ट तिथे अंगात मुरली होती: वस्तूला दोष द्यायच्या आधी जोड तपासायचा.

सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर तिने एकेक करून बोट टेकवलं. बाकीच्या गार होत्या. सहाव्या सेलवरची कोमट होती.

"भाऊजी, हात लावून बघा."

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ही मीच आवळली होती," तो हळूच म्हणाला.

"सकाळपासून उन्हात उभे आहात. होतं असं. आधी मशीन लाईटवर घ्या, मग स्विच पाडा."

तिने बोटातली अंगठी काढून ठेवली. टेप गुंडाळलेल्या पान्याने नट सोडवला. पट्टीखाली काळपट थर धरला होता. बारीक पॉलिश पेपरने तिने तो चकचकीत होईपर्यंत घासला, पुसला, पट्टी बसवली आणि नट बेताने आवळला. मग उरलेले सगळे जोडही तसेच सोडवून, घासून पुन्हा आवळले. दीर पट्ट्या पुसून तिच्या हातात देत राहिला.

"अगं, झाली का तुझी बॅटरी?" आतून आवाज आला. "हॉर्न बसवायला विसरू नकोस!"

"तुम्ही आहात की हॉर्न!"

स्विच वर करून मशीन पुन्हा बॅटरीवर घेतलं. अर्ध्या तासाने तिने पुन्हा मोजलं. आठही आकडे सारखे. पट्ट्या गार.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातला फ्रिज एकदम गप्प झाला. समोरच्यांचा पंपही थांबला. ती हातातलं भांडं टाकून खोलीत धावली आणि सवयीने सिलिंडरची किल्ली पकडली.

मशीन घुरघुरत होतं. तो उशीला टेकून पेपर वाचत होता. चष्म्यावरून त्याने पाहिलं.

"काय झालं गं?"

"काही नाही."

तिने किल्ली सोडली. खुर्ची ओढून त्याच्या पायाशी बसली. ओले हात मांडीवर तसेच राहिले. त्याने बोटाला थुंकी लावून पेपरचं पान उलटलं.