आठ हजार ऐंशी नंबरचं दार

मित्रांनो, मी सेलूच्या एका कॉलेजातला जुना सर्व्हर. सात वर्षं मी निकाल दाखवले, तेव्हा लोक मला लय गुणाचं मशीन म्हणायचे. पुढं नवं यंत्र आलं आणि मी कपाटाशेजारी धूळ खात पडलो.

यंदा कारकून बन्सीधरभाऊंनी मला मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज घ्यायला बसवलं. इंटरनेटवरून येणाऱ्यानं दाराचा, म्हणजे पोर्टचा, नंबर सांगितला नाही, तर तो ऐंशी नंबरच्या दारावर जातो. आमच्याकडे ते दार कॉलेजच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या यंत्रानं आधीच अडवलेलं, म्हणून मला आठ हजार ऐंशी मिळालं. मुलींना पाठवलेल्या लिंकमध्ये हा नंबर होता. पण माझा पत्ता मला जिथून कळतो, त्या सेटिंगमध्ये भाऊंनी नुसतं वेबसाइटचं नाव लिहिलं, नंबर लिहिलाच नाही. पहिलं पान उघडलं तसे ते चहाला गेले.

पुढच्या पानाचा पत्ता मी स्वतः बनवून देतो. तो मी बिननंबराचाच देत राहिलो. मुली ‘पुढे’ दाबायच्या आणि परत यायच्याच नाहीत. का, ते मला कळेना.

शेवटच्या दिवशी मुदत पाचपर्यंत होती. साडेचारला पालमहून राजनंदिनीचा फोन आला. रोज एसटीनं ये-जा करायला घरून परवानगी नव्हती. वसतिगृह हुकलं की तिचं शिक्षण थांबणार होतं.

"सर, तीनदा भरला. तुमचं मशीन पासवर्ड मागायलंय."

पासवर्ड नाहीच, तुझंच काहीतरी चुकतंय, असं भाऊ म्हणाले. संगणक शिकवणाऱ्या सत्यशीला मॅडमनी फोन घेतला आणि तिला दोन्ही पानांचे पत्ते वाचायला लावले. दुसऱ्यात नंबर नव्हता. पासवर्ड कॅमेऱ्याचं यंत्र मागत होतं.

"पोरीचं न्हाई चुकलं, भाऊ. आपणच तिला दुसऱ्याच्या दारात धाडायलोत."

मला फार लाज वाटली. पावणेपाचला मॅडमनी सेटिंगमध्ये नंबर लिहिला आणि मला बंद करून चालू केलं. मी जुना, उठायला सहा मिनिटं लागली. चार सत्तावनला राजनंदिनीचा अर्ज पूर्ण झाला.

मग मॅडमनी माझ्या नोंदी उघडल्या. आणखी अकरा मुलींना मी असंच भलत्या दारात धाडलं होतं. पहिल्या पानावर भरलेली त्यांची नावं, गावं आणि मोबाईल नंबर तेवढे माझ्याकडे होते. मुदत एक दिवस वाढवून घेऊन मॅडमनी एकेकीला फोन लावला. दहा लागले. बोरीच्या अर्पिताचा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बंदच आला. तिचा अर्ज माझ्याकडे अजून अर्धाच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याला नव्या दारावर बसवाल, तेव्हा त्याला त्याचा पूर्ण पत्ता सांगा. बाहेरच्या फोनवरून शेवटच्या पानापर्यंत एकदा जाऊन बघा. आणि बोरीत कुणी अर्पिताला ओळखत असाल, तर तिचं काहीच चुकलं नव्हतं, एवढं तिला सांगा.