मनगटाची खूण

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात युनियनची प्रतिनिधी म्हणून निवडून आल्यापासून तिला सगळे वकीलबाई म्हणत. म्हणत चिडवायलाच, पण गळ्याशी आलं की धावत तिच्याकडेच येत. लोकांचं हे बरं असतं! आज आली होती रोलरच्या इस्त्रीवर चादरी सोडणारी तिची मैत्रीण. रडून रडून डोळे सुजलेले.

चालू मशीनचं लाल बटण दाबून तिनं विनाकारण काम बंद पाडलं, असा नव्या सुपरवायझरचा आरोप होता. उद्या मॅनेजरपुढे चौकशी. नोकरी जाणार हे जवळजवळ ठरलेलंच, कारण या बाईसाहेब त्याच वेळी म्हणून बसल्या होत्या, "चुकलं माझं, साहेब."

"अगं, पण चुकलं काय तुझं?"

"काही नाही."

"मग म्हणालीस कशाला?"

"साहेब ओरडले की म्हणायचं असतं ना!"

वकीलबाईनं कपाळावर हात मारला. 'चुकलं' हा शब्द तिथं येता-जाता सगळ्यांच्या तोंडी असे. काय बोलणार! "बरं, बटण का दाबलंस?"

"हाताची खूण दिसली."

रोलर सुरू झाला की शेजारणीची बोंबही ऐकू येत नाही, म्हणून तिथलं बोलणं सगळं खुणांनी. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं, की कुणाचा तरी हात रोलरमध्ये अडकला. मग कुणाचा, कसा, विचारत बसायचं नाही. बटण दाबायचं.

"केली कुणी खूण?"

मैत्रिणीनं मान खाली घातली. "सुपरवायझरनं. पण ते म्हणतात, त्यांनी हाताबद्दल काही सांगितलंच नाही. त्यांना मी खोटं कसं पाडू? अख्खं घर माझ्या एकटीवर आहे गं."

घरी जाऊन वकीलबाईनं युनियनची जाडजूड फाइल पालथी घातली. रजेचे नियम होते, बुटांचे होते, टोपीचेसुद्धा होते. खुणांचं अवाक्षर नाही. शेवटी तिनं दादांना फोन लावला. तिच्याआधी युनियनचे प्रतिनिधी तेच होते.

"फाइलीत नियम असतात पोरी, आपली माणसं नसतात," दादा म्हणाले. "चौकशी घटनेच्या जागेवर मागता येते, तेवढं पान शोध. आणि तिथं गेल्यावर जरा कमी बोल. तुझं तोंड मला ठाऊक आहे."

"दादा!"

"बघ, लगेच सुरू झालीस."

सकाळी मॅनेजरच्या खोलीत खुर्च्या मांडून तयार होत्या. वकीलबाई बसलीच नाही. तिनं नियमावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना खाली आणलं. मशीनघराच्या दाराशी ती थांबली.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही हिला काय सांगितलंत?" तिनं सुपरवायझरला विचारलं.

"हात चालव, वेळ होतोय. दुसरं काय?"

"बोलून?"

"या गोंगाटात? घड्याळ दाखवलं."

घड्याळ! वकीलबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केवढं तरी ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. दादांनी बघायला हवं होतं. "मग आत जाऊन तसंच दाखवा," एवढंच ती म्हणाली.

सुपरवायझर आत गेला. डावा हात त्यानं वर केला, घड्याळाखालचं मनगट उजव्या मुठीत धरलं आणि झटके देत हलवलं. घड्या घालणारी उंच बाई पलीकडच्या टोकाला होती. तिला या चौकशीचा पत्ताही नव्हता. हातातली चादर टाकून ती धावली आणि तिनं लाल बटणावर पंजा मारला.

मशीन बंद. जो तो घाबरून रोलरकडे बघू लागला.

"कुणाचा हात?" मॅनेजर ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणाचाच नाही, साहेब," वकीलबाई म्हणाली. "त्या दिवशीही कुणाचा नव्हता. पण ते हिला बटण दाबल्यावरच कळलं."

सुपरवायझरनं मनगट सोडलं आणि हात पाठीमागे नेले. मॅनेजरनं एकदा त्याच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मैत्रिणीकडे वळून त्यानं विचारलं, "उद्या कामावर आलीस आणि पुन्हा अशी खूण दिसली, तर काय करशील?"

मैत्रिणीचे ओठ हलले. आता ही बया पुन्हा 'चुकलं' म्हणतेय की काय, या भीतीनं वकीलबाईचा जीव टांगणीला लागला.

"बटण दाबीन," ती म्हणाली.