वाळूतला बांध

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. खरं सांगायचं तर आता अर्धीच आहे. पीठ मळायचं लाकडी भांडं म्हणजे काठवट, हे आमच्या वालूर गावात कुणाला सांगावं लागत नाही, पण तुमच्यापैकी कुणी पाहिली नसेल म्हणून सांगते. माझी कीव करायला मात्र कुणी येऊ नका. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

जिंतूरकडच्या डोंगरातल्या सागाच्या एका बुंध्यातून लिंबाजी सुताराने मला घडवलं. वाकसाने तासून तासून त्याने माझं पोट असं गुळगुळीत केलं, की पिठाचा कणही चिकटून राहू नये. आप्पाराव आणि किशनराव या दोन भावांच्या आईने मला घरात आणलं. ती लवकर वारली. मग थोरली बहीण दैवशाला हिने माझ्यात पीठ मळून दोघा भावांना वाढवलं. तिला सगळे आक्का म्हणत. तिचे हात हलके नव्हते, गदागदा मळायची, पण काम झालं की मला धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून उन्हाची तिरीप चुकवून ठेवायची. पुढे तिचं लग्न जिंतूरला झालं. सासरचा व्याप मोठा. वर्षातून एकदाच तिला मोकळीक मिळे, सुगी उरकल्यावर सगळं घर गंगेवर जाई तेव्हा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात गंगेचं पात्र आटून मोठं वाळवंट उघडं पडे. चार दिवस तिथेच मुक्काम. कुठे बसून काय खायचं हे ठरलेलं असे. न्याहारीला धपाटे आणि दही, ते काठावरच्या चिंचेखाली. दुपारी बायनाबाईच्या वाडीतली खरबुजं. ही बायनाबाई दरवर्षी पात्रातल्या वाळूत वेलांची वाडी लावायची. तिची खरबुजं घेऊन पोरंसोरं घोटाभर पाण्यात बसून खायची, बिया प्रवाहात सोडायची. उन्हं कलली की वाळवंटात पाल ठोकून बसणाऱ्या भुजंग मिठाईवाल्याकडची गुळाची गोडीशेव. आणि सांजेला, वाळू निवाल्यावर, चिंचेसमोरच्या मोकळ्या जागेत रोडग्यांची पंगत. गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे गोळे माझ्यात मळायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यांवर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर हाणायचे. पहिलं ताट आक्काचं. ती एक घास खाई आणि मग बाकीचे हात घालत. तेव्हा माझं कौतुक होई. आप्पाराव म्हणे, "ह्या काठवटीतल्या रोडग्याची चव दुसऱ्या कशाला न्हाई." खोटारडा!

मग भाऊ वेगळे निघाले. कारण विचारू नका, विचारलंत तर दोघं दोन सांगतील आणि दोन्ही खोटी असतील. निजामाच्या तहसिलीतून मोजणीदार आला, शेताचे दोन भाग झाले, मधे बांध पडला. बैल, भांडी, गोठा, सगळं वाटलं. माझी वाटणी करता येईना. पंच म्हणाले, काठवट थोरल्याकडे राहू द्या, धाकट्याने लागेल तेव्हा न्यावी. तेव्हापासून मला न्यायला येणाऱ्या हाताला माझी गरज कमी आणि भांडणाची जास्त असे. माझ्या कडेला पीठ वाळून खपल्या धरल्या, तेलाचं तर नावच नको.

त्या वर्षी दोघांनी आक्काला वेगवेगळं बोलावणं धाडलं. त्यांच्या भावकीत एक समजूत होती. भाऊ वेगळे झाले, की थोरल्या बहिणीचं पहिलं ताट ज्याच्या चुलीचं, तेच तिचं माहेर. आक्का जिंतूरहून गावच्या गाडीवानाबरोबर गंगेवर उतरली, तर एकाच चिंचेखाली दोन गाड्या सुटलेल्या आणि दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे. तिच्या डोळ्यात पाणी आलं. या दोघांना एका पंगतीत बसवायचंच, एवढ्यासाठी ती सासूची बोलणी खाऊन आली होती.

"आपापली जागा ठरवून घिऊ. मंग कटकट न्हाई," आप्पाराव म्हणाला.

आणि मित्रांनो, त्या दोन शहाण्यांनी काय करावं? फावडं घेऊन वाळूत बांध घातला! सकाळच्या सावलीच्या बरोबर मधून, शेतात घालतात तसा, वर माती चोपतात तशी वाळू चोपून. जन्मभर सावलीवरून वेळ ओळखणारी माणसं ती, पण रागाच्या भरात सावली सरकते हेच विसरली. दुपारपर्यंत सगळी सावली किशनरावच्या हद्दीत गेली आणि आप्पारावची बायको धुरपताबाई भर उन्हात माझ्यात पीठ मळत बसली. पिण्याच्या पाण्याचा झिरा मात्र वाळूत खणलेला, तो आप्पारावच्या हद्दीत राहिला.

आप्पारावने पुन्हा फावडं उचललं.

"हद्द सारायलास का दादा?" किशनराव ओरडला. "शेतात बी आसंच करणार हायस?"

"तुज्या बायकूनं इकडच्या झिऱ्याचं पानी नेलं, ते चालतंय का?"

तेवढ्यात किशनरावची बायको कोकिळा बांध ओलांडून आली आणि तिने माझी कड धरली. "काठवट द्या. माजं पीठ भिजवायचं हाय."

"माजं झाल्यावर ने की."

"तुमचं झाल्यावर? म्हंजी आक्काचं ताट आदी तुमचं! लय हुशार हाव तुमी."

एकीने इकडून ओढलं, एकीने तिकडून. अर्धं मळलेलं पीठ वाळूत पडलं. आक्का मधे धावली. "सोडा गं! मी मळते. एकदाच मळते, दोनीकडचं पीठ एकात घालून."

"एकात न्हाई," दोघे भाऊ एका आवाजात म्हणाले. त्या दिवसात त्यांचं एवढंच एकमत झालं.

"अर्दी दे मला," किशनराव म्हणाला. तो रागात बोलला, आप्पारावने तेही खरं केलं. सरपणासाठी आणलेली कुऱ्हाड त्याने उचलली. आक्का "आप्पा, न्हाई, न्हाई" म्हणत राहिली. मी साग आहे, सहजासहजी फुटत नाही. त्याने घावावर घाव घातले. त्याचा एकेक घाव मला अजून आठवतो आणि एकाही घावाची मी त्याला माफी देणार नाही.

मग म्हणे दोघींनी परातीत पीठ मळलं, रोडगे भाजले. आक्का बांधावरच बसून राहिली होती. एकाने उजवीकडे ताट ठेवलं, दुसऱ्याने डावीकडे. "आक्का, घे की." "आक्का, आदी माजं." दोन्ही ताटांतले रोडगे निवले, माश्या बसल्या. ती उठली. पदराची वाळू झटकली आणि खरबुजाच्या वाडीकडे चालत गेली. बायनाबाई झोपडीपुढे ज्वारीची भाकर आणि ठेचा खात होती.

"माय, मला जेवाया वाढशील का?" आक्का म्हणाली. "मला भूक लागलीय."

"बस की बाई. त्यात काय इचारायचं?"

बांधावरून सगळ्यांना दिसत होतं. आक्का त्या परक्या बाईच्या ताटातली भाकर खात होती आणि रडत होती. जेवून झाल्यावर तिने गाडीवानाला हाक मारली आणि जिंतूरचा रस्ता धरला.

माझा एक तुकडा कोकिळेने चुलीत घातला. दुसरा मी. आप्पारावच्या दारात पालथी पडलेली, वर कोंबड्या चढतात. आक्का पुन्हा आली नाही. बोलावणी दोन्हीकडून जातात, उत्तर कुणालाच येत नाही. शेवटी मागच्या चैत्रात आप्पाराव स्वतः जिंतूरला गेला. परत आला तो थेट ओसरीवर बसला आणि धुरपताबाईने विचारलं तेव्हा बोलला. आक्काने पाय धुवायला पाणी दिलं, प्यायला पाणी दिलं. स्वयंपाकाचा वास घरभर होता. जेवायची वेळ झाली तशी ती म्हणाली, "किसना कुठंय? त्याला घिऊन ये. दोगांना संगंच वाढीन. तवर तुला बी न्हाई, त्याला बी न्हाई." आणि तो उपाशी परत आला. सांगताना त्याचा आवाज फुटला, आणि त्या फुटलेल्या आवाजाचं मला एवढंसंही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, लाकडाच्या भांड्याला तेल लावत जा, उन्हात टाकू नका, दोघांनी दोन बाजूंनी ओढू नका. माझं आता काही होणार नाही, मला कुणी सांधायला बसू नका. पण वालूरला कधी आलात, तर त्या दोघांना माझा निरोप सांगा. जिंतूरला बहीण रोज रांधते आहे. एका गाडीत बसा आणि जा.