उस्तादाला विचारून ये

इंजिन कोणाकडून बांधून घ्यायचं, हा प्रश्न नागपुरात लग्न जुळवण्यापेक्षा नाजूक आहे. लग्नात नाही म्हणायला निदान पत्रिका तरी कामी येते.

मी मिहानमध्ये सुट्या भागांच्या गोदामात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी कामठीच्या पुढे, मातीच्या ट्रॅकवर, जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल पळवते. आईला दोन्ही गोष्टी पसंत नाहीत, पण पगार येतो म्हणून पहिलीबद्दल ती बोलत नाही. मागच्या शर्यतीत पिस्टन जाम झाला आणि सिलिंडर आतून ओरखडलं. असं झालं की आतली भिंत मशीनवर खरवडून, हातानं घासून गुळगुळीत करतात आणि मोठा पिस्टन घालतात. याला बोअर करणं म्हणतात. माझ्या सिलिंडरची भिंत आता एकाच बोअरपुरती उरली होती. तसं सिलिंडर बाजारात मिळत नाही. काम बिघडलं तर गाडी भंगारात आणि माझं शर्यतीत उतरणं बंद.

माझं इंजिन पहिल्यापासून गड्डीगोदामच्या रुपरावकाकांनी, आमच्या काकाजींनी, बांधलं. शर्यतीच्या गाडीसाठी नागपुरात लोक दुसरं नावच घेत नसत. आता त्यांचा हात कापतो. ट्रॅकवर सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि कोणी तोंडातून काढत नाही. मलाही काढवेना, म्हणून मी सिलिंडर पिशवीत घालून गुपचूप वाडीला अमोलकडे गेले. अमोल त्यांच्याच हाताखाली शिकलेला, वेगळं दुकान टाकून बसलेला.

त्यानं सिलिंडरमध्ये बोट फिरवलं आणि ते परत माझ्या हातात दिलं.

"उस्तादले विचारलं का?"

"नाही."

"मंग मी हात नाई लावत, हर्षाताई. त्याईनं बांधलेलं इंजिन त्याईले न विचारता मी घेत नाई."

"काय विचारू? तुमचा हात कापते म्हणू?"

अमोलनं इकडेतिकडे पाहिलं. "सारे करते तसं कर ना. आधी उस्तादकडं टाक. थे बांधून देतीन. मंग मागच्या दारानं मायाकडं आन. मी खोलून पुन्हा बांधतो. त्याईले मालूम नाई पडत."

"सारे म्हणजे कोण?"

"सारेच. लय दिवस झाले."

मला आधी हसू आलं आणि लगेच डोकं तडकलं. बाकीच्यांच्या सिलिंडरला भिंत शिल्लक असते. काकाजींनी बिघडवलं तरी अमोल पुढच्या मापाचा पिस्टन घालून मोकळा होतो. माझं तसं नव्हतं.

"माझं एकदाच होते, अमोल."

"मले दिसते ना. म्हणून म्हनतो, विचारून ये."

वाडीहून गड्डीगोदामपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. त्यात आदर होता, हे मी नाकारत नाही. पण या आदरापोटी सगळ्यांनी मिळून एका माणसाला त्याच्याच दुकानात पाहुणा करून ठेवलं होतं. काम द्यायचं, कौतुक करायचं आणि वळणावर जाऊन ते काम पुसून टाकायचं. माझ्या सिलिंडरला आणखी एक बोअर निघत असता तर मीही हेच केलं असतं, हे मला कळत होतं, आणि त्याचा राग सगळ्यात जास्त होता.

काकाजी दुकानात कार्बोरेटर साफ करत बसले होते. पिशवी पाहून त्यांनी हात पुढे केला.

"आन वं इकडं. पाहू दे."

मी पिशवी दिली नाही. "काकाजी, हे अमोलकडं देऊन राहिली मी. तुमची परवानगी पाहिजे."

"काहून?"

वाडी मला घरून जवळ पडते, तुमच्याकडे कामाची गर्दी असते, अशी बरीच वाक्यं मी रस्त्यात जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"तुमचा हात कापते, काकाजी. अन् ह्याले एकच बोअर उरला."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. उजवा हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे पाहत राहिले.

"बाकीचे तर काई म्हनले नाई," ते म्हणाले. "प्रेमानंदची गाडी दिवाळीनंतर मीच बांधली. जिंकला ना तो."

मी काही बोलले नाही. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे ते चांगलं ओळखून होते. तेवढं त्यांना पुरलं.

"अमोलनं खोलली?"

"हो."

"साऱ्याईच्याच?"

"हो, काकाजी."

त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर लावताना अंगठा चुकला. मी पुढे झाले तर मानेनंच नको म्हणाले. अमोलनं फोन उचलला.

"अमोल, हर्षाचं सिलिंडर पाठवून राहिलो. एकच बोअर हाय, घाई नको करू." मग म्हणाले, "अन् मागच्या दारानं कोनाचं घेऊ नको आता. समोरून घे."

काकाजींनी फोन ठेवला.

माझं काम झालं होतं आणि मला रडू येत होतं. मी त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी पिशवीतून सिलिंडर काढलं, दोन्ही हातांत धरून आतून पाहिलं, स्वच्छ कपड्यात गुंडाळलं आणि परत दिलं.

"प्रेमानंदची गाडी मी ट्रॅकवर ऐकली होती," ते म्हणाले. "काय आवाज होता वं. घरी जाऊन तुया काकूले सांगतलं, औषध लागू पडलं म्हनून. माया हात सुधरून राहिला."