सातव्या पानावरची पांढरी चौकट

धारवाडच्या आमच्या परीक्षा विभागात रुद्रगौडर साहेबांची सही कधी रेघेवर बसली नाही. कधी ती रेघेच्या वर उडायची, कधी शेजारच्या शिक्क्यावर जाऊन निजायची. आम्ही त्याला साहेबी थाट म्हणायचो. निवृत्तीनंतर मला एका पुस्तिकेची मुद्रितं तपासायला परत बोलावलं, तेव्हाही ती उडतच होती.

पुस्तिका होती ऑनलाइन परीक्षा अर्ज कसा भरायचा याची. नीलांबिकाने प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट घेऊन, नको तो भाग कापून, वर लाल बाण बसवून बेचाळीस पानं सिद्ध केली होती. पोरगी कंत्राटावर. साहेब पुस्तिका तपासणार, त्याच दिवशी कंत्राट संपत होतं. ते वाढवायचा कागद साहेबांच्या टेबलावर, पुस्तिका मंजूर व्हायची वाट बघत पडला होता.

साडेअकराला ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. चेहरा पार उतरलेला, पण तोंडचं आदराचं धारवाडी 'री' सुटलं नव्हतं.

"मास्तर, सातवं पान बघा री. खाली उजवा कोपरा."

बघितलं. 'अर्ज पाठवा' या बटणाला खेटून, नेमका स्क्रीनशॉट घेताना तिच्या मैत्रिणीचा, रोखपाल दानव्वाचा, निरोप पडद्यावर टपकला होता आणि चित्रात कायमचा राहिला होता. 'रुद्रगौडर साहेबांना चष्मा लागलाय, पण सांगणार कोण? केसांना कलप लावला की डोळेही तरुण होतात, असं वाटतंय त्यांना.'

"दुसरा काढ की मग."

"चाचणीची वेबसाइट काल बंद झाली. साहेबांच्या हुकमाशिवाय उघडत नाही."

"कोपरा कापून टाक."

"बटणही जाईल त्याच्याबरोबर. पोरांनी अर्ज पाठवायचा कुठून?"

उभी नोकरी मी व्हाइटनरवर काढलेली. म्हटलं, "पांढरी चौकट काढ आणि ठेव त्याच्यावर. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसतंय?" तिने ठेवली. निरोप दिसेनासा झाला. मी स्वतःवर खूश झालो. व्हाइटनर एकदा वाळला की कागदाला सोडत नाही. चौकटीचं तसं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बारा वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही दोघं. टेबलावर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि गरम मिरच्यांची भजी. माउस साहेबांच्या हाती.

दुसऱ्या पानावर साहेबांनी चित्राचा कोपरा धरून ओढला. चित्र मोठं झालं. लाल बाण मात्र जागच्या जागी. 'जन्मतारीख' दाखवणारा बाण आता 'नाव' दाखवत होता.

"बाण चुकलाय की गं तुझा."

"नीट करते, सर."

नीलांबिकाने माझ्याकडे बघितलं. मला एकदम उमगलं. बाण हलला नाही, म्हणजे चौकटही हलणार नव्हती.

तिसरं पान. ओढलं. चौथं. ओढलं.

"साहेब, मिरची निवतेय," मी म्हणालो.

"निवू दे."

"निवलेली मिरची पोटाला बाधते म्हणतात."

"मास्तर, पोट माझं आहे."

पाचवं. सहावं. सातवं पान उघडलं. साहेबांनी डोळे बारीक केले, मान मागे घेतली. "ठीक आहे," म्हणाले आणि आठव्यावर गेले. नीलांबिकाने श्वास सोडला. मी मिरची उचलली.

"थांब. त्या बटणावर काय होतं?"

साहेब मागे आले. कोपरा धरला. ओढला. चित्र फुगलं, चौकट राहिली मागे, आणि तिच्या आडून दानव्वाचा निरोप नवरीसारखा हळूच बाहेर आला.

"हे काय लिहिलंय?"

"कंप्युटरची सूचना आहे, साहेब," मी म्हणालो. "अपडेट करा म्हणतोय."

"सूचनेत माझं नाव कशाला?"

माणसाला स्वतःचं नाव कितीही पुसट असलं तरी वाचता येतं. साहेबांनी आणखी ओढलं, तर निरोप पानाच्या कडेबाहेर अर्धा निघून गेला. परत आत घेतलं, तर अक्षरं मुंगीएवढी.

"नीलांबिका, तू वाच."

ती उठली. हात ओढणीत गुंडाळलेले. कंत्राटाचा कागद तिच्यापासून वीतभर अंतरावर. परीक्षेच्या घंटेआधी सूचना वाचावी तशा सुरात तिने वाचलं, "रुद्रगौडर साहेबांना चष्मा लागलाय, पण सांगणार कोण?" आणि थांबली.



"पुढे?"

"पुढचं तुम्हीच वाचा, सर."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मिरचीकडे. त्यांनी सावकाश खालचा खण उघडला, रुमालात गुंडाळलेली एक डबी काढली आणि तिच्यातला चष्मा नाकावर चढवला. त्याच्या काडीला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती.

सगळा निरोप वाचला. दोनदा.

"कलप नाही," ते म्हणाले. "मेंदी आहे."

आम्ही दोघांनी माना हलवल्या.

"चाचणीची वेबसाइट उघडायला सांगतो. हे चित्र नव्याने काढ. आणि काढण्याआधी ते निरोप बंद करत जा. तुझ्या मैत्रिणीलाही सांग."

"हो सर."

त्यांनी कंत्राटाचा कागद पुढे ओढला, पेन घेतलं आणि सही केली. ती बरोबर रेघेवर बसली. साहेब क्षणभर त्या सहीकडे ती परक्याची असल्यासारखे बघत राहिले.

आता निघावं म्हणून मी उठू लागलो, तर चष्मा तसाच ठेवून ते पुन्हा पहिल्या पानावर गेले. बेचाळीस पानांत त्यांना एकोणीस चुका सापडल्या. सगळ्या माझ्या नजरेतून सुटलेल्या.

"मास्तर," शेवटची गार मिरची माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "तुमचे डोळे एकदा तपासून घ्या बघू."