भाकरी हवी तर चुलीपुढं या

मी एक जुनी काठवट आहे. जुनी म्हटल्याचा मला राग नाही. राग येतो तो अडगळ म्हटल्याचा. मित्रांनो, तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून सांगते. भाकरीचं पीठ मळायची लाकडाची खोलगट परात म्हणजे मी. लिंबाच्या एकाच बुंध्यातून सुतारानं मला कोरून काढलं. अंगाला सांधा नाही की खिळा नाही.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात भिवानं मला विकत घेतलं आणि डोक्यावर पालथी घालून भर उन्हात घरी आणलं. त्याची बायको केशरबाई तेव्हा नवी नवरी. तिनं मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "लाकूड बरं हाये. आणणाऱ्याचं डोकं बरं हाये का ते बगते."

त्या दिवसापासून मी तिची झाले. ज्वारीचं पीठ, गरम पाणी आणि तिच्या तळव्याचा रेटा, दुसरं काही मला ठाऊक नव्हतं. भिवा गेला, तरी तिचा हात थांबला नाही. माझ्यातल्या भाकरी खाऊन तिचा नागसेन शिकला, मास्तर झाला. आल्यागेल्याला केशरबाई सांगायची, "माझी काठवट हाये तोवर या घरातून उपाशी कोणी जाणार न्हाई."

पण मित्रांनो, एक दुखणं सांगते. आमच्या गावात मोठं जेवण असलं की घराघरातून भाकरी गोळा करतात. एकदा शाळेच्या स्नेहभोजनाला आमच्या बौद्ध गल्लीतूनही भाकरी नेल्या. टोपली मात्र वेगळी. दुपारी गेलेली टोपली संध्याकाळी तशीच परत आली, वरचं फडकंसुद्धा हललेलं नव्हतं. "भाकरी जास्त झाल्या," म्हणे. केशरबाईनं त्या भाकरी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या.

पुढं सून आली, ज्योत्स्ना. पोरगी गुणाची, पण सोबत स्टीलची चकचकीत परात घेऊन आली. मी माळ्यावर गेले. माझ्यात लसूण ठेवला. लसूण संपला, मग नुसतीच धूळ.

अशात यंदा गावात एकच धांदल उडाली. आमच्या सेवा क्लबाकडे मेक्सिको देशातून सहा पाहुणे येणार होते. हा क्लब डोळ्यांची शिबिरं भरवतो, झाडं लावतो, आणि आता म्हणे माणसांची अदलाबदल करणार. ते आठ दिवस इथं राहायचे, मग आपली पोरं तिकडं जायची. भिंती रंगल्या. गटारावर फरश्या पडल्या. हलगीवाल्यांना बोलावणं गेलं. क्लबाचे अध्यक्ष अण्णासाहेब गोठ्यात म्हशीपुढं उभे राहून इंग्रजी भाषणाचा सराव करायचे. म्हैस तेवढी शांत ऐकायची.

क्लबाचा चिटणीस आमचा नागसेनच. तो घरी येऊन म्हणाला, "आई, स्वागताच्या जेवणाला घरटी पंधरा भाकरी द्यायच्या हायेत."

"मी न्हाई देणार."

"अगं, आता वेगळी टोपली राह्यली न्हाई. ते दिवस गेले."

"गेले तर चांगलंच झालं. मंग त्यांना इथं यायला काय अडचण? ज्याला माझी भाकरी खायची त्यानं माझ्या चुलीपुढं यावं. पाव्हण्यांनीबी आणि क्लबवाल्यांनीबी. अण्णासाहेबाला बराबर असंच सांग. आणि त्याच्या आईला संगं आण म्हणावं."

"गोजरकाकूला? त्यांचा उपास असंल."

"ठाऊक हाये. आपलं बोलावणं गेलं की त्या बाईला उपास लागतो. तुझ्या लग्नाला एकादशी, तुझ्या लेकीच्या बारशाला चतुर्थी. बघू यंदा कोणता देव मदतीला येतो."

गोजरबाई आणि केशरबाई एकाच साली या गावात नांदायला आल्या. शेतात खुरपताना दोघींची तोंडं दिवसभर चालायची. पण गोजरबाईनं आमच्या घरात कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता.

अण्णासाहेब स्वतः समजवायला आले. "काकू, हॉलमध्ये टेबलं मांडलीत. पाव्हणे परदेशी, गल्ली अरुंद."

"विमानातून आलेले लोक गल्लीत अडकतेत का?"

अण्णासाहेब डोकं खाजवत, "बघतो," एवढंच म्हणून गेले.

पण केशरबाईनं मला माळ्यावरून खाली काढलं. धुतलं, पुसलं, तेल चोळलं. ज्योत्स्ना म्हणाली, "आत्या, परात हाये की." तर उत्तर आलं, "परात वाजती लई." मित्रांनो, माझा ऊर असा भरून आला की सांगता येत नाही.

पाहुणे गावात उतरले आणि जेवणाचा दिवस उजाडला. पीठ चाळून ठेवलं, चूल पेटली. दुपार कलली, तरी कुणी येईना. केशरबाई दाराकडं बघत नव्हती. म्हणजे तिचं सगळं ध्यान दाराकडंच होतं.

मग गल्लीच्या तोंडाशी हलगी कडाडली. पोरं ओरडत पुढं धावली, "आले, आले." सहाच्या सहा पाहुणे गळ्यात हार घालून आले. मागं क्लबवाले, अण्णासाहेब, आणि लुसिया नावाच्या पोरीनं हाताला धरून आणलेली गोजरबाई. लुसिया उतरली होती त्यांच्याच घरी, आणि ती काही हात सोडेना.

गोजरबाई ओट्यावरच बसली.

"आज काय गं गोजरबाई?" आतून केशरबाईनं विचारलं.

"शनवार हाये."

"आसंल, आसंल. दर आठवड्याला येतो तो."

लुसिया मात्र थेट चुलीपुढं येऊन बसली. माझ्यातला पिठाचा गोळा तिनं उचलला आणि दोन्ही तळव्यांवर थापायला लागली. टप टप, टप टप. केशरबाई बघतच राहिली.

"हिला कोणी शिकवलं रं?"

नागसेन म्हणाला, "त्यांच्याकडं मक्याच्या करतेत, अशाच हातावर."

"मंग एवढीशी का? ही तर भावलीची भाकरी."

सगळे हसले. लुसियालाही न सांगता कळलं, तीही हसली. तव्यावरून भाकरी उतरताच ती उठली, ओट्यावर गेली, अर्धी मोडून गोजरबाईच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आजी." गावात आल्यापासूनचा तो तिचा पहिला मराठी शब्द.

हलगी थांबलेली होती. अण्णासाहेब आईकडं बघत होते. केशरबाईचा हात माझ्यातल्या पिठात तसाच राहिला.

गोजरबाईनं तुकडा मोडला. तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"पीठ नीट मळलं न्हाई," ती म्हणाली. "काठ चिरलेत."

"तुला जमतंय तर ये आत. मळ."

गोजरबाई उठली. पदर खोचला, हात धुतले, उंबरा ओलांडून माझ्यापुढं बसली आणि तिनं पिठात हात घातला. खरबरीत तळवा, वाकडी करंगळी, मनगटावर हिरवं गोंदण. इतक्या वर्षांत हा हात मला कधी लागला नव्हता. रेटा मात्र असा की वाटलं, पीठ इतके दिवस याच हाताची वाट बघत होतं. केशरबाई पाण्याचे शिंतोडे देत होती, गोजरबाई मळत होती, लुसिया थापत होती.

"अजून किती जण जेवायचे राह्यलेत?" गोजरबाईनं विचारलं.

"तुझा लेक राह्यलाय. बोलव त्याला."

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल तर तिला खाली काढा. तिला पाण्यात भिजत ठेवू नका, उन्हात टाकू नका, अधूनमधून तेलाचं बोट फिरवा. पण तेलानं लाकूड नुसतं टिकतं. हात लागला नाही तर ते आतून तडकतं. आणि हात कुणाचा, हे विचारत बसू नका. आम्ही लाकडाच्या बायका कधी विचारत नाही.