उजव्या हाताची जागा

दोन हजार सात साली कापसानं अख्ख्या मुकुटबनच्या तोंडचं पाणी पळवलं होतं आणि आमच्या विक्कीला गाड्या पळवायचं सुचत होतं. त्याही पडद्यावरच्या! बियाण्याचं एक दुकान बंद पडलं, तो गाळा माझ्या या नवऱ्यानं घेतला आणि नागपूरहून जुनं गेमचं मशीन आणून मांडलं. सोबत स्टेअरिंग, ब्रेक, सगळा थाट. पाठोपाठ त्याचा दोस्त गोपाल दुसऱ्या कंपनीचं मशीन घेऊन आला. झालं, गाळ्यात दोन पार्ट्या. विक्कीचा गेम ग्रान टुरिस्मो, गोपालचा फोर्झा. भारनियमनात लाइट गेली तरी यांचं भांडण चालूच.

"माह्या गेमात गाडीचं वजन हाताले लागते," विक्की म्हणायचा.

"पन ठोकली तं तिले काहीच होत नाही ना बे! माह्यात चेपते, काच फुटते. खऱ्या गाडीचं असंच असते," गोपालचं उत्तर तयार.

शेवटी ठरलं, निकाल मामाजी देतील. मामाजी म्हणजे बाबाराव, माझे सासरे. मुकुटबन ते झरी त्यांची काळी-पिवळी जीप चालायची, आणि आजवर तिला साधा ओरखडा नव्हता. जीप खचाखच भरली की आमच्याकडे ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही, दाराला चिकटून, एक जण बसतो. त्याचं कोणाला काही वाटत नाही. मागच्या कापूस-वेचणीपासून ती जागा माझ्या उर्वशीची होती. मामाजी नातीला घेतल्याशिवाय फेरीला निघतच नसत. वाटेत विचारायचे, "सांग उर्वशे, कोन येऊन राह्यलं?" ती सांगायची, ट्रक, बैलबंडी, ट्रॅक्टर. जीपभर हसू. शाळा बुडते म्हणून मी कुरकुर केली की म्हणायचे, "पोरीले दुनिया दिसते, मैत्रेयी." यावर सुनेनं काय बोलावं?

त्या दिवशी दुपारच्या फेरीआधी मामाजी उर्वशीला घेऊन गाळ्यात आले आणि स्टेअरिंगला बसले. विक्कीच्या गेममध्ये पहिल्याच वळणावर गाडी उजव्या भिंतीला घासली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. गोपाल नाचायला लागला. "ड्रायव्हर खरा हाय, म्हनजे गेम खोटा!" मग त्याच्या मशीनवर बसवलं. तिथंही गाडी उजव्या भिंतीलाच. आता नाचायची पाळी विक्कीची.

गोपालच्या गेममध्ये शर्यत संपली की गाडी पडद्यावर गोल फिरवून दाखवतात. मी चहा घेऊन दारात उभी होते. गाडीची डावी बाजू कोरी करकरीत. उजवी मात्र दिव्यापासून शेपटापर्यंत चेपलेली. पोरं हसत होती. मला हसू येईना. दोन वेगळ्या कंपन्यांचे गेम, दोघांचं एका गोष्टीवर एकमत नाही, आणि दोन्हींत धडक एकाच बाजूला कशी?

"आबा, थांबा," म्हणत उर्वशी उठली आणि स्टूल ओढून सवयीनं त्यांच्या उजव्या हाताला बसली. मामाजींनी परत गाडी सोडली. "आबा, भिंत आली. आता लाल गाडी घुसून राह्यली. आता काही नाही, जाऊ द्या." आणि गाडी कुठंही न घासता पार झाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

सुनेनं सासऱ्याच्या तोंडासमोर हात नाचवायचा, ही काही आमची रीत नाही. मी नाचवला. "मामाजी, माह्याकडं पाहा. हात दिसते का?"

"दिसते."

हात त्यांच्या उजव्या बाजूला नेला. "आता?"

ते समोरच पाहत राहिले.

"वेचनीच्या वक्ताले वावरात चक्कर आलती," ते हळूच म्हणाले. "तवापासून उजवीकडचं अर्धं दिसतच नाही. सांगतलं असतं तं जीप बंद केली असती तुमी."

भरलेली जीप, समोरून येणारे ट्रक, आणि आपण खेळ खेळतोय असं समजणारी माझी सात वर्षांची पोर. त्याच बाजूला, दाराला चिकटून. आणि मी मूर्ख, तिची वेणी घालून रोज तिला तिथं बसवून देत होते.

बाहेर हॉर्न वाजला. "बाबाराव, चाला ना जी! उशीर होऊन राह्यला!"

मामाजी सवयीनं उठले. "चाल, उर्वशे."

ती निघालीच होती. मी तिचा दंड इतका घट्ट धरला की ती कळवळली. "उर्वशी येनार नाही," मी म्हटलं.

मामाजी जागीच थांबले. "मंग मी कसा जाऊ?"

पडद्यावरचं इंजिन गुरगुरत होतं. त्यांनी खिशातून जीपची किल्ली काढली आणि समोर धरली.

"घे रे, तू ने," ते म्हणाले, आणि गाळाभर नजर फिरवून मला विचारलं, "विक्की कुठं गेला?"

विक्की त्यांच्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ उभा होता.